ड्रिल मशीन घेतलंय, पण मिस्टर म्हणतात माणूस बोलाव

पत्र थोडक्यात असं आहे. डोंबिवलीच्या एक ताई, चाळिशीच्या आसपास, नोकरी करणाऱ्या. बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी, घरात मिस्टर, शाळेतला मुलगा आणि सासूबाई. बेसिनचा नळ कित्येक महिने टपकतोय, फ्लशच्या टाकीतून सारखा बारीक आवाज येतो, हॉलमधल्या एका स्विचजवळ ठिणगी दिसते, बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि सासूबाईंना कमोडवरून उठताना धरायला हँडल हवंय. प्लंबर चार फोन केले तरी येत नाही, आला की दहा मिनिटांत काम करून चारशे रुपये घेऊन जातो. वैतागून ताईंनी सेलमध्ये ड्रिल मशीन घेतलं, रात्री जागून व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं की पावसाआधी सगळं आपणच करायचं. मिस्टर म्हणाले, "उगाच व्याप वाढवू नकोस, माणूस बोलाव." नणंद हसली. आता ताई विचारतायत, मी खुळ्यासारखं करतेय का? आणि नसेन करत तर सुरुवात कुठून करू?

ताई, मशीन परत करू नका. आणि खुळ्यासारखं तर अजिबात करत नाहीये तुम्ही. पण तुमची यादी वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. तुम्ही पाचही कामं एकाच माळेत ओवलीयत, जणू सगळी सारखीच "छोटी कामं" आहेत. ती तशी नाहीयेत. नळ आणि फ्लश तुम्ही या रविवारी करू शकता. स्विचला तुम्ही हात लावायचा नाही. हँडल दिसायला सगळ्यात सोपं आणि माझ्या मते या यादीतलं सगळ्यात जोखमीचं. आणि भिंतीचं काम तर पावसाआधी कुणीच करू शकणार नाही, तुम्हीही नाही आणि माणूस बोलावला तरी तोही नाही.

मी हे कशावरून ठरवते? "मला जमेल का" हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण व्हिडिओ बघून आपल्याला सगळंच जमेलसं वाटतं. मी विचारते, की हे करताना बिघडलं तर मला ते जागच्या जागी थांबवता येईल का, आणि बिघडल्याचं मला लगेच कळेल का. नळ खोलताना पाणी उडालं तर कॉक बंद करता येतो आणि पाणी उडालंय हे डोळ्यांनी दिसतं. हँडल कच्चं बसलंय हे मात्र कळणार कधी, तर सासूबाई त्याच्यावर भार टाकतील तेव्हा.

आता त्या चारशे रुपयांबद्दल थोडं बोलू, कारण पत्रात तो राग बराच आहे. दहा मिनिटांचे चारशे खुपतात, मान्य. पण तो माणूस तुमच्याकडे यायला कुठलं तरी दुसरं काम सोडून, गाडीचं पेट्रोल जाळून, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पान्यांची पिशवी घेऊन चढतो आणि एका वायसरसाठी येतो. म्हणूनच तो टाळतो हो! एक नळ म्हटलं की कुणी येत नाही, पाच कामं म्हटली की त्याच दिवशी येतात. त्यामुळे घरात एक यादी लावून ठेवा, फ्रीजवर किंवा फोनमध्ये, आणि चार-पाच कामं साठली की एकदाच बोलवा, आधीच फोटो पाठवा म्हणजे तो सामान घेऊनच येईल. आणि तो काम करत असताना समोर उभं राहून बघा, हे का असं केलंत म्हणून विचारा, बहुतेक जण हौसेने सांगतात. आणि स्वतः केल्याने पैसे वाचतात म्हणाल तर पहिल्या वर्षी फारसे वाचणार नाहीत, कारण मशीन, बिट, पाने, टेप घेण्यातच ते जातील. वाचतं ते वाट बघणं.

सुरुवात मात्र नळापासूनही करू नका. आधी घरातलं पाणी आणि वीज कुठून बंद होते ते शोधा. मुलाला सोबत घ्या, त्याला मजा येईल. एक एक कॉक बंद करून कुठला नळ थांबतो ते बघायचं आणि त्याच्याजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं. बेसिनखाली आणि फ्लशच्या टाकीखाली अँगल कॉक (तिथलं पाणी बंद करायचा छोटा कॉक) असतो, बाथरूमच्या भिंतीत एखादा कन्सील्ड कॉक असतो, आणि जुन्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याचदा तुमच्या फ्लॅटच्या लाइनचा व्हॉल्व्ह गच्चीवर टाकीजवळ किंवा डक्टमध्ये असतो, तो वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारून आजच बघून ठेवा, पाणी घरभर झाल्यावर नको. तसंच मीटरजवळचा मेन स्विच आणि घरातला कुठला एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) कशाचा ते एक-एक पाडून बघा. एक सावधगिरी, वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक घट्ट बसलेला असतो. तो फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका, आतली दांडी तुटली की तो कॉक ना उघडतो ना बंद होतो. असा कॉक सापडला तर प्लंबरच्या यादीत पहिलं काम तेच घाला. ज्या जागेचं पाणी बंद करता येत नाही तिथलं काही खोलायचंच नाही, एवढं पाळलं तरी निम्मे अपघात टळतात.

आता नळ. तुमचा नळ चार-पाच वेळा फिरवावा लागणारा आहे की पाव फेरीत बंद होणारा, हे पत्रात नाही. बरेच आटे फिरवावे लागत असतील तर आतला वायसर झिजलाय. पाव फेरीवाला असेल तर आतलं अख्खं स्पिंडल बदलतात, त्यात सिरॅमिकच्या चकत्या असतात. दोन्हीकडे करायचं जवळपास सारखंच. खालचा अँगल कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, बेसिनच्या भोकात फडकं कोंबा (नाहीतर तो बारका स्क्रू तिथूनच जाणार, शंभर टक्के जाणार), मुठीवरची टोपी काढा, स्क्रू काढा, मूठ उचला आणि खालचा भाग पान्याने सोडवा. पान्याच्या तोंडात फडकं धरा म्हणजे क्रोमवर ओरखडे पडत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरून ठेवा. तुम्ही पान्याला दिलेला पीळ नळावरच संपला पाहिजे, मागच्या पाइपापर्यंत जाता कामा नये. निघालेला जुना पार्ट जसाच्या तसा पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि "अस्सा द्या" म्हणा, नाव-साइज काही माहीत असायची गरज नाही.

एक लक्ष्मणरेषा आहे. नळाचं वरचं डोकं खोला, पण तुमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीतून येणारा अख्खा नळ स्वतः काढू नका. पंचवीस वर्षांपूर्वीचे पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे लोखंडी. आतून गंजलेले असतात, आणि नळ फिरवताना नळाऐवजी भिंतीतला निपलच (नळ जोडणारा पाइपाचा छोटा तुकडा) तुटतो आणि त्याचा अर्धा भाग आत अडकून बसतो. मग टाइल फोडावी लागते. व्हिडिओतले पाइप नवे कोरे असतात आणि नळाभोवती हात फिरवायला दोन फूट जागा असते, हे लक्षात ठेवून व्हिडिओ बघत जा.

आणि हो, खोलायच्या आधी गंमत म्हणून नळाखाली एक मापाचा कप तासभर ठेवा. तासाला 200 मिली साठलं तर दिवसाला 4.8 लिटर झालं, वर्षाचे साधारण 1750 लिटर. हा आकडा मिस्टरांना दाखवायला उपयोगी पडेल!

फ्लशचं निदान अजून सोपं. टाकीत कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी उभी नळी) पडत नसूनही कमोडमध्ये निळं पाणी उतरलं तर तळाचा वायसर गेलाय. टाकीत पाणी त्या नळीपर्यंत चढत असेल तर फ्लोटची (पाण्यावर तरंगणारा भाग) पातळी खाली करायची, पाणी त्या नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे. बहुतेक टाक्यांमध्ये त्यासाठी एक स्क्रू किंवा सरकवायची क्लिप असते. टाकीचा कनेक्शन पाइप बदलायची वेळ आली तर त्याच्या नटात रबरी वायसर असतं, तिथे टेफ्लॉन गुंडाळत बसू नका, हाताने घट्ट होईल तेवढं करा आणि वर पान्याने पाव फेरी, बस. जास्त आवळलं की रबर चिरडतं आणि उलट गळायला लागतं. नवीन लोकांचं बिघडतं ते बहुतेक इथेच, कमी आवळल्याने कमी आणि जास्त आवळल्याने जास्त.

स्विचबद्दल मी फार चर्चा करणार नाही. बटण दाबताना आत क्षणभर बारीक निळसर चमक दिसणं वेगळं. पण जळका वास, प्लेट गरम लागणं, काळा डाग, चरचर आवाज यातलं काहीही असेल तर त्या सर्किटचा एमसीबी आजच पाडा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा, यादी साठायची वाट बघू नका. आपल्याकडचा विजेचा नियमसुद्धा बघा काय सांगतो, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला मुभा आहे, पण वायरिंगची दुरुस्ती किंवा त्यात वाढवणं-घटवणं हे लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचंच काम. म्हणजे कायद्याने तुम्ही स्विच बदलू शकता. पण तुमच्याकडे स्विच खराब आहे की मागची वायर सैल होऊन तापतेय हे कळल्याशिवाय नुसता स्विच बदलण्यात अर्थ नाही, आणि ते कळायला बोर्ड उघडून बघणाऱ्याला अनुभव लागतो. तो आलाच आहे तर घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का हे विचारून घ्या. जुन्या घरांमध्ये बऱ्याचदा नसतो, आणि शॉक लागला तर जीव वाचवणारी वस्तू ती आहे, एमसीबी नव्हे. गॅसचंही असंच, रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या बाबतीत घरगुती प्रयोग नकोत, गळतीचा वास आला तर 1906 वर फोन.

आता हँडल. ताई, पत्रात तुम्ही लिहिलंय "दोन भोकं पाडायची आणि स्क्रू मारायचे, एवढंच तर आहे". माझी हरकत नेमकी या "एवढंच"ला आहे. टॉवेलचा रॉड बसवणं आणि हे हँडल बसवणं यात भोकं तेवढीच असतात, पण टॉवेल निसटला तर टॉवेल पडतो. बाथरूमची आतली भिंत बहुतेक चार इंची विटांची असते, तिच्यातूनच पाण्याचे पाइप गेलेले असतात आणि कुठून गेलेत याचा नकाशा कुणाकडेच नसतो. प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती) माणसाचं वजन घ्यायला पुरत नाही. स्टीलचा अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट) आवळला तर बारक्या भिंतीत वीटच फुटू शकते, म्हणून अशा ठिकाणी भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागे प्लेट लावतात किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापरतात. हे करणाऱ्या माणसाला बोलवा. आणि ते रबरी कप चिकटवायचं हँडल मिळतं ना ऑनलाइन, ते तर मुळीच घेऊ नका, दमट टाइलवर आज चिकटतं आणि कधी सुटेल ते सांगता येत नाही.

पण यात तुमचं काम आहेच, आणि ते फिटरला जमणार नाही. हँडल कुठे लावायचं हे तुम्ही आणि सासूबाईंनी ठरवायचं. त्यांना कमोडवर बसवा (झाकण लावून, कपड्यांसकट!), उठायला सांगा, उठताना हात आपसूक भिंतीवर जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. दोन-तीनदा करून बघा. फिटर आपल्या सवयीने कुठेतरी लावून जातो आणि मग ते हँडल वाळत घातलेल्या फडक्यांसाठी उरतं. रॉड साधारण 32 ते 40 मिमी जाडीचा घ्या, मुठीत नीट बसतो, आणि चकचकीत गुळगुळीत घेण्यापेक्षा खरखरीत पकडीचा बघा. बसवल्यावर सासूबाईंच्या आधी तुम्ही किंवा मिस्टरांनी त्याला धरून, पाय जमिनीवर ठेवून, हळूहळू पूर्ण वजन टाकून बघायचं. तसूभरही हललं तर परत करायला लावायचं, "बसेल हळूहळू" हे ऐकून घ्यायचं नाही. आणि तोपर्यंत आत न घसरणारी मॅट टाका आणि दार आतून कडी न लावता नुसतं लोटून घ्यायला सांगा.

राहिली भिंत. तुमच्या पत्रातून कळतंय की दर दिवाळीला तिथे रंग मारता आणि दर श्रावणात तो सुटतो. म्हणजे पैसे जातायत ते रंगावर, पाणी येतंय ते कुठून हे कुणी बघितलंच नाहीये. फक्त पावसात ओल येते म्हणजे बाहेरून येतेय, बाराही महिने असती तर पाइपावर संशय घेतला असता. यंदा असं करा, ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख टाका, दर आठवड्याला नवी रेघ. डाग कुठून सुरू होऊन कुठे पसरतो ते दिसलं की अर्धं उत्तर मिळतं, खिडकीच्या कोपऱ्यातून, छज्ज्याच्या रेषेतून की एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून (हे भोक फार जणांच्या घरात गुन्हेगार निघतं). भिंतीतून येतंय की नुसता खोलीतला दमटपणा आहे अशी शंका असेल तर हातभर अॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढा, भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर ओल भिंतीतलीच.

खिडकीच्या चौकटीची आतली फट सिलिकॉनने भरणं तुम्ही करू शकता, भिंत कोरडी असताना म्हणजे आत्ताच. ओल्यावर सिलिकॉन नीट चिकटत नाही. पण बाहेरून भरायला खिडकीतून वाकायचं नाही, कितीही हात पुरत असला तरी. बाहेरच्या भिंतीची भेग तुमचं काम नाही, खर्चही तुमचा नाही, कारण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) पावसाच्या पाण्याने आणि बाहेरच्या कॉमन पाइपलाइनमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. तेव्हा तारखांसकट फोटो लावून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला लोक अंगठा दाखवतात आणि विसरतात. आणि आतून वॉटरप्रूफ पुट्टी थापून रंग मारायचा मोह यंदा आवरा, पाणी अडून दुसरीकडून फुटेल. भिंत बाहेरून दुरुस्त होऊन खणखणीत वाळली की मग दसऱ्यानंतर खरवडून रंग.

ता. क. म्हणून तुम्ही दार फुगतं असंही लिहिलंय. त्याला पावसात रंधा मारू नका म्हणजे झालं, मार्चमध्ये बोटभर फट पडेल. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, भोक सैल झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या भरून वाळू द्या आणि मग स्क्रू मारा. तरी घासत असेल तर कडेला मेणबत्ती चोळा.

मिस्टरांचं. तुम्हाला वाटतंय की बाईमाणसाने पाना हातात घेतला हे त्यांना झेपत नाही. असेलही, मी तिथे नाही. नणंदेचं हसणं तर त्याच जातीचं वाटतं आणि त्यावर मला काही म्हणायचं नाही, टपकणं थांबलं की ते आपोआप थांबेल. पण तुमच्याच पत्रात मध्येच एक ओळ आहे की गेल्या वर्षी शेजारच्यांकडे कुणीतरी शॉवर काढताना पाइप तुटला आणि खालच्या मजल्यावर पीओपी पडलं. मिस्टर म्हणतात तो "व्याप" हाच असेल कदाचित. मग त्यांच्याशी "मी करू शकते" यावर वाद घालण्यापेक्षा त्यांना सांगा की गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुठला ते बघून ठेवलंय, नळाचं फक्त डोकं खोलणार आहे, स्विच आणि हँडलला माणूसच बोलावणार आहे. भीती नेमकी कशाची आहे ते समोर आलं की बोलणं सोपं होतं. आणि काम करताना टॉर्च धरायला त्यांनाच उभं करा.

आणि ते ड्रिल मशीन, ज्यावरून सगळं सुरू झालं. त्याचं काम भरपूर निघेल, फोटो, पडद्याचे ब्रॅकेट, किचनमधली छोटी फळी. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, आतून वायरीचा पाइप गेलेला असतो. 6 मिमीची गिट्टी तर 6 मिमीचाच बिट, आणि किती खोल जायचं तिथे बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण. डोळ्यांना गॉगल, ओढणी-मोकळे केस बांधून. पडणाऱ्या भुकटीकडे बघत राहा. लाल आली म्हणजे विटेत आहात, छान. राखाडी आणि बिट पुढेच सरकत नाही म्हणजे कॉलम किंवा बीम लागलाय, जोर न लावता जागा बदला. नुसती वाळूच सुटतेय म्हणजे दोन विटांमधला सांधा आहे, तिथे गिट्टी धरणार नाही, इंचभर वर-खाली सरका. पहिली दोन-चार भोकं चपलांच्या स्टँडमागे पाडून बघा, तिथे चुकली तरी नणंदेला दिसणार नाहीत.